वाटीच्या वरचा खळगा

एक्स-रे स्वच्छ आला आणि घोळ तिथूनच सुरू झाला. हाड शाबूत, कुठे तडा नाही. "लिगामेंट ताणलंय, सूज उतरली की चालायला लागाल," असं ऐकून मी घराजवळच्या दवाखान्यातून क्रेप बँडेज, दुखण्याच्या गोळ्या आणि बर्फाने शेकायचा सल्ला घेऊन परतले. गुडघ्याला मार लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाडाचा असतो. हाड मोडलं नाही ना, मग झालं. माझं हाड खरंच मोडलं नव्हतं. मांडीतून खाली येऊन गुडघ्याच्या वाटीला वरून धरणारा जाड पट्टा, म्हणजे क्वाड्रिसेप्स टेंडन, तुटला होता, आणि साध्या एक्स-रेत तो दिसत नाही.

पहिले दोन-चार पाऊस पडले की नागपुरात घरोघरी एक काम निघतं, कूलर उतरवायचा. खिडकीतल्या स्टँडवरून तो लोखंडी डबा काढायचा, ताट्या सोडवायच्या, टाकी खरवडून धुवायची आणि सगळं गच्चीवर ताडपत्रीखाली टाकायचं. आमचे हे आणि खालच्या मजल्यावरचा मुलगा कूलर घेऊन पुढे, मी मागून पंप आणि ताट्या घेऊन. वर जाताना काही झालं नाही. उतरताना टाकीतलं उरलेलं पाणी पायऱ्यांवर सांडलं होतं. डावा पाय घसरून पुढे गेला, उजवा वरच्या पायरीवर तसाच राहिला, गुडघ्यात दुमडलेला, आणि अंगाचं सगळं वजन त्याच्यावर आलं. पडू नये म्हणून मांडी आपोआप आवळली गेली आणि आतून 'टक्' असा आवाज आला. माझ्या हातातला पंप पायरीवर आपटला असंच मला वाटलं. पंप हातातच होता.

हा पट्टा बहुतेक वेळा असाच तुटतो, हे मला नंतर कळलं. धक्का लागून नाही. स्नायू पाय सरळ करायला जोर लावत असतो आणि त्याच वेळी वजन गुडघ्याला उलट वाकवत असतं, त्या ओढाताणीत तो जातो. पायरी चुकणं हे त्याचं अगदी ठरलेलं निमित्त.

पुढचे आठ-दहा दिवस मी त्या बँडेजवर काढले. गंमत म्हणजे मी चालत होते. गुडघा मागे रेटून अगदी सरळ ठेवायचा, एक हात मांडीवर दाबायचा, मग सपाट फरशीवर स्वयंपाकघरापर्यंत जाता यायचं. घरात सगळे म्हणायचे, फरक पडतोय. पण गुडघा जरासा वाकला की पाय अंगाखालून निघूनच जायचा. ओटा हाताशी होता म्हणून तोंडावर पडले नाही. पलंगावर आडवं होताना उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवावा लागे. भंडाऱ्याहून नणंद बघायला आली, तिने दारातच विचारलं, "वहिनी, पाय ओढून काऊन चालून राहिल्या? सूज तर उतरली न?" सूज उतरली होती, हे तिचं बरोबर होतं. मुरगळलेला पाय सूज उतरली की कामाला लागतो. माझा लागत नव्हता.

शेवटी बँकेतल्या एका सहकाऱ्याने त्याच्या ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून दिला. दवाखाना धंतोलीत. धंतोलीत दर चार पावलांवर हॉस्पिटल आहे आणि गाडी लावायला वीतभर जागा नाही, त्यामुळे ऑटोतून उतरून तिथवर जाणं हीच अर्धी परीक्षा झाली.

या डॉक्टरांनी एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवलं, मला आडवं केलं आणि म्हणाले, "गुडघा न वाकवता टाच वीतभर वर उचला." डावी उचलली. उजवी जागची हलली नाही. मांडीत कुठे तरी काही आवळलं जातंय हे मला कळत होतं, कपाळावर घाम आला, पण टाच चादरीवरच. पाय माझा, हुकूम माझा, आणि मध्ये काही तरी तुटलेलं. मग त्यांनी माझंच बोट धरलं, वाटीच्या वरच्या कडेवर ठेवलं आणि हळू वर सरकवलं. बोट आत गेलं. डाव्या गुडघ्यावर त्याच जागी टणक, ताणलेला पट्टा लागतो. इथे मऊ खळगा होता, अंगठ्याचं पेर बसेल एवढा. "मॅडम, हा खळगा इथे असायला नको," ते म्हणाले.

एवढ्या तपासणीला जेमतेम मिनिट लागलं असेल. पहिल्या दवाखान्यात कुणी मला पाय उचलायला सांगितलंच नव्हतं. ताज्या दुखापतीत तो खळगा रक्ताने आणि सुजेने भरलेला असतो, हाताला लागत नाही, हे मान्य. दुखतं म्हणूनही माणूस पाय उचलत नाही, हेही मान्य. शिवाय काही जणांचे वाटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे शाबूत राहतात, त्यांचा पाय थोडाफार उचलला जातो आणि निदान आणखी लांबतं. तरी प्रश्न विचारायला काय हरकत होती, असं मला अजून वाटतं.

तोच जुना एक्स-रे त्यांनी मग उजेडावर धरला. बाजूने काढलेल्या फोटोत वाटी नेहमीपेक्षा खाली सरकलेली होती. वरून धरणारा पट्टा सुटला की खालचा तिला खाली ओढतो. म्हणजे एक्स-रेतही खूण होती, पण हाडातल्या भेगा शोधणाऱ्याला ती कशी दिसणार? त्याच दिवशी सोनोग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी एमआरआय. अहवाल असा: क्वाड्रिसेप्स टेंडन वाटीपासून जरा वर पूर्ण तुटलेला, टोकं एकमेकांपासून लांब गेलेली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत. खाली येता येता चौघांची टोकं एका जाड पट्ट्यात मिळतात आणि तो पट्टा वाटीच्या वरच्या कडेला बसतो. वाटीच्या खालच्या टोकापासून दुसरा पट्टा निघतो, तो नडगीच्या वरच्या उंचवट्याला धरतो. वाटी मधे विहिरीच्या रहाटासारखी. ओढ तिच्यावरून वळते, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. यातला एक दुवा तुटला तर बाकी सगळं धडधाकट असून उपयोग नाही. अर्धवट तुटलेला टेंडन कधी कधी पट्टा बांधून, पाय सरळ ठेवून जुळतो. पूर्ण तुटलेला नाही जुळत, कारण मांडीचा स्नायू वरचं टोक वर ओढत राहतो. जितका उशीर तितकं ते टोक आखडतं, आजूबाजूला चिकटतं, आणि मग नुसतं शिवून भागत नाही, दुसरीकडचा तुकडा आणून जोड द्यावा लागतो. दोन-तीन आठवड्यांच्या आत शिवलेलं बरं, असं ते म्हणाले. मी त्या मुदतीत होते, पण काठावर.

मग त्यांनी चौकशी सुरू केली आणि ती मला गुडघ्यापेक्षा जास्त झोंबली. शुगर किती वर्षांपासून? किडनीचा काही त्रास? युरिक ॲसिड? स्टेरॉइड कधी घेतलं? गेल्या काही महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक? निरोगी टेंडन एका ओल्या पायरीने सहसा तुटत नाही, तो आधी आतून झिजलेला असतो. वाटीच्या जरा वरच्या भागात मुळात रक्तपुरवठा कमी, त्यात मधुमेह, किडनीचा जुना आजार, गाउट, पॅराथायरॉइड ग्रंथीचा बिघाड यांपैकी काही असलं की तो आणखी कमकुवत होतो. चाळिशीच्या आतल्यांचा बहुधा वाटीखालचा पट्टा तुटतो, चाळिशीनंतर वरचा, आणि त्यात पुरुष जास्त. माझी शुगर जुनी. शिवाय उन्हाळ्यात लघवीच्या इन्फेक्शनसाठी मी लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स घेतला होता. त्या जातीच्या औषधांनी टेंडनला इजा होऊ शकते, म्हणून २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतली सूचना छापायला लावली. माझ्या बाबतीत दोष त्याचाच, असं कुणीच सांगू शकत नाही. पण साठीच्या आसपासचं माणूस, शुगर, आणि हातात लिव्हो किंवा त्याच जातीच्या सिप्रोची चिठ्ठी, तर डॉक्टरांना दुसरं काही चालेल का एवढं विचारावं. साधे दुकानदार हल्ली ही गोळी सर्दीलाही काढून देतात, त्याबद्दल तर बोलायलाच नको.

मला धीर यावा म्हणून भाच्याने फोनवरून एक गोष्ट शोधून काढली. अमेरिकेचे अध्यक्ष असताना बिल क्लिंटन यांचा हाच टेंडन, तोही उजवाच, मार्च १९९७ मध्ये गोल्फपटू ग्रेग नॉर्मन यांच्या फ्लोरिडातल्या घरी पायऱ्यांवरून अडखळून फाटला होता. ऑपरेशननंतर आठवडाभरात ते चाकाच्या खुर्चीतून हेलसिंकीला रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना भेटायला गेले. "मामी, तुझा आजार प्रेसिडेंटवाला आहे," भाचा म्हणाला. मी म्हटलं, प्रेसिडेंटला कूलर चढवावा लागला नसेल.

शुगर आटोक्यात आणायला दोन-तीन दिवस इन्सुलिन दिलं. शुगरचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (एचबीए१सी) साडेआठच्या घरात होता. अशात चीर लवकर भरत नाही आणि इन्फेक्शनची भीती राहते. ऑपरेशन कमरेत भूल देऊन झालं, म्हणजे मी जागी होते. पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज येत होता आणि तो माझ्याच वाटीत चाललाय हे माहीत असूनही काही वाटत नव्हतं. वाटीत वरून खाली तीन बारीक बोगदे पाडतात. टेंडनच्या तुटलेल्या टोकात न विरघळणारा जाड धागा दोन्ही कडांनी विणत वर नेतात आणि परत खाली आणतात. धाग्यांची टोकं बोगद्यांतून ओढून वाटीच्या खालच्या कडेला गाठ मारतात. काही सर्जन बोगद्यांऐवजी हाडात छोटे अँकर बसवतात. गाठी मारून झाल्यावर, चीर शिवायच्या आधी, त्यांनी माझा गुडघा टेबलावरच हळूहळू वाकवून पाहिला, शिवण कुठपर्यंत ताण सोसते ते. तो आकडा त्यांनी लिहून ठेवला आणि पुढे फिजिओथेरपिस्टला दिला. पहिल्या आठवड्यांत माझ्या गुडघ्याला तीच हद्द होती.

इथून पुढचं सगळं दुखणं एका भांडणात आहे. शिवलेल्या टेंडनला स्वस्थता हवी, ताण आला तर शिवण उसवेल. आणि गुडघ्याला हालचाल हवी, नाही तर सांधा आखडेल, मांडी वाळेल. एकाचं ऐकलं तर दुसरा रुसतो. सगळी फिजिओथेरपी म्हणजे या दोघांत रोज थोडीथोडी तडजोड. हे ज्याला समजलं त्याला घाईही होत नाही आणि भीतीही वाटत नाही. मला समजायला बराच वेळ लागला.

सहा आठवडे लांब ब्रेस. मांडीच्या वरपासून घोट्याच्या जरा वरपर्यंत, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी अंशांची तबकडी, आणि ती शून्यावर कुलूपबंद. ब्रेस लावून, वॉकर धरून पायावर वजन द्यायला दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आणि ते मला नवलाचं वाटलं. पण पाय सरळ असताना टेंडनवर फारसा ताण येत नाही, ताण येतो वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहताना. म्हणजे चाला खुशाल, पण गुडघ्यात वाकून उठायचं नाही.

नागपूरचा जुलै कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाऊस थांबला की उकाडा, अंगाला चिकचिक, आणि कूलर तर गच्चीवर. ब्रेसच्या स्पंजखाली पाय शिजून निघायचा. सुती पायजम्याचा एक पाय कापून मी आत घालायचे, सकाळ-संध्याकाळ बदलायचे. पावडर लावायची नाही, चीर ओली होऊ द्यायची नाही. कमोडवर उंच सीट बसवली, तरी पाय सरळ पुढे पसरायला जागा हवी म्हणून बाथरूममधली बादली-मगांची सगळी मांडणी बदलली. रात्री पोटरीत गोळा आला की घाबरायला व्हायचं. पाय फार वेळ निपचित राहिला की शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती असते, म्हणून दर तासाला घोटा वर-खाली हलवायचा. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर थेट हॉस्पिटलमध्ये या, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. ह्यांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

फिजिओ घरी यायचा. तिशीच्या आतला मुलगा, बोलायला गोड आणि कामात कडक. पहिला व्यायाम बघून मी हसलेच होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि तिच्यावर गुडघा दाबायचा. बस, एवढंच. मांडी आवळायची, वाटी वर सरकली पाहिजे, पाच मोजायचे, सोडायचं. मी दाबते, दाबते, काही होत नाही. पोट आवळलं जातं, जबडा आवळला जातो, मांडी थंड. "काकू, जोर मांडीत लावा न, दातात काऊन लावून राहिल्या?" तो म्हणायचा. सांध्यात पाणी आणि सूज असेल तर मज्जातंतू मांडीच्या या स्नायूला जणू बंदच करून ठेवतात. शिवण पक्की असली तरी स्नायू जागा होत नाही. हे नेहमीचंच आहे, असं त्याने सांगितलं. त्याने मांडीवर दोन चिकट पट्ट्या लावून हलका करंट सोडला. मुंग्या आल्या, मग वाटीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा वर, कातडीखाली एक छोटासा उंचवटा थरथरला. "हा पाहा. याला उठवायचं आहे आपल्याला." करंट बंद झाल्यावर मी डोळे त्या जागेवर रोखून परत दाबलं. थरथर आली. अगदी क्षणभर, पण माझी माझी.

वाकवायचं काम त्यानंतरचं. टाचेखाली साडीचं प्लॅस्टिकचं कव्हर, म्हणजे गादीवर घसरायला सोपं, आणि तळपायाभोवती ओढणी अडकवून टाच हातांनी आपल्याकडे ओढायची. वाकवताना मांडी लावायची नाही, सरळ करताना ढकलायचं नाही. फिजिओकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ शोभेल असं प्लॅस्टिकचं साधन होतं, त्याने तो अंश मोजायचा. सुरुवातीला ३०, मग हळूहळू ६०, आणि ब्रेस सुटायच्या सुमाराला ९०. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं आणि शिवण किती भक्कम झाली यावरही असतं, तेव्हा माझे आकडे दुसऱ्याने आपल्या गुडघ्याला लावू नयेत.

भेटायला येणाऱ्यांना मात्र एकच अंश ठाऊक होता. "मांडी घालता येते का?" दारातून आत पाऊल टाकायच्या आधी हा प्रश्न. आपल्याकडे गुडघा बरा झाला की नाही हे मांडीवरूनच ठरतं. देवापुढे बसणं, पंगतीला बसणं, सगळं जमिनीवर. त्यामुळे वाकवायची घाई सगळ्यांना. एका नातेवाइकाने मोहाचं तेल आणून दिलं, चोळून चोळून गुडघा मोकळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा पत्ताही दिला. फिजिओने तेल पाहिलं आणि म्हणाला, "काकू, याची पोटरीला खुशाल मालिश करा. वाटीच्या वर कुणी हात लावला न, तर मला फोन करा." जोर लावून कुणी गुडघा वाकवला तर त्या वेळी शिवण जाऊ शकते, हे त्याला सांगायचं होतं.

माझं खरं अडलेलं काम सरळ करण्याचं होतं आणि त्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा ब्रेसशिवाय पाय उचलायला सांगितला. टाच उचलली गेली! पण गुडघा मधेच ढिला पडून खाली लोंबला. हाताने पाय पूर्ण सरळ होत होता, स्वतःच्या जोरावर शेवटचे दहा-पंधरा अंश भरत नव्हते. चालताना नेमके हेच अंश लागतात. पाऊल टेकताना गुडघा सरळ थांबला नाही तर तो झुकतो, आणि माणूस पडतो. मला मांडी नको होती, मला हे शेवटचे अंश हवे होते. त्यासाठी पुन्हा तोच टॉवेल, तोच पाच मोजण्याचा व्यायाम, सकाळी, दुपारी, रात्री. टीव्हीवर मालिका चालू असताना जाहिरात लागली की सुरू. आमचे हे जाहिरात लागली की माझ्याकडे बघायचे, बोलायचे नाहीत.

तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आली, तेव्हा मी दारात खुर्चीवर, पाय स्टुलावर. एका पोराने ब्रेसची तबकडी फिरवून पाहायचा प्रयत्न केला. त्याच्या आईने त्याला धपाटा घातला, पण मला त्याचं कुतूहल आवडलं. बाकीच्यांनी नुसतंच 'अरेरे' म्हटलं होतं.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा ब्रेसचं कुलूप उघडलेलं होतं, पण ओणवं व्हायला बंदी. आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, सगळं साग्रसंगीत. मी ओट्यापाशी उंच स्टूल घेतलं आणि बसून पुरण वाटलं, पण नैवेद्य दाखवायला वाकणं शक्य नव्हतं. नणंदेने ते केलं. नमस्कार मी उभ्यानेच केला. एक काकू म्हणाल्या, "देवीपुढे तरी बसायचं होतं बाई जरासं." बसले असते, पण उठवलं कुणी असतं? खुर्चीतून उठायलाही गुडघा नव्वद-शंभर अंशांपर्यंत वाकलेला असतो आणि तिथून सगळं वजन याच टेंडनने उचलायचं असतं. उकिडवं बसायला तर १३० च्या पुढे जावं लागतं. माझा टेंडन त्या वेळी दोन महिन्यांचा होता.

जिन्याचा नियम फिजिओने पाठ करून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हात कठड्यावर. चढणं मला लवकर जमलं. नेहमीसारखं एकाआड एक पाय टाकत उतरणं हे खरं अवघड, कारण मागे राहिलेला पाय दुमडत दुमडत वजन खाली सोडतो, आणि माझा टेंडन तुटला तो नेमका याच हालचालीत. मांडीपेक्षा डोकं जास्त घाबरायचं. फिजिओने भिंतीशी एक जाडजूड पुस्तक ठेवून त्यावरून उतरायला लावलं, मग पाट, मग पायरी. बँकेत परत रुजू झाले ती मेट्रोने, सुभाषनगरहून सीताबर्डीला. दोन्हीकडे लिफ्ट आहे, डब्यात शिरताना पायरी नाही. सिटी बसच्या पहिल्या पायरीची उंची मी आता आयुष्यात विसरणार नाही. ॲक्टिव्हा पुष्कळ उशिरा, तीही पाय टेकून गाडी सांभाळता येते हे डॉक्टरांनी बघितल्यावरच.

मांडीचा घेर मी शिंप्याच्या टेपने मोजते. वाटीच्या वर ठरावीक अंतरावर पेनने खूण करायची आणि दोन्ही पाय मोजायचे. उजवी अजून डावीपेक्षा बारीक आहे. टेंडन जुळायला काही महिने लागतात, मांडी भरायला त्याहून जास्त, आणि पूर्वीचा जोर यायला सहा महिने ते वर्ष धरून चला, असं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा ते भीती घालणं वाटलं होतं. आता ते फक्त वेळापत्रक वाटतं. थंडीत सकाळी गुडघा जड असतो, दहा मिनिटं घरातली सायकल चालवली की सुटतो. सायकलची सीट आधी उंच ठेवली होती, आता एकेक भोक खाली आणतेय. सीट खाली आली की गुडघा जास्त वाकतो.

शुगरचा तो तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा सातच्या खाली आलाय. डावा गुडघाही त्याच शरीराचा आहे, त्याच शुगरमध्ये मुरलेला, याची आठवण डॉक्टर दर भेटीत करून देतात. मांडी घालता येते का, हे विचारणाऱ्यांना मी आता सांगते की येते, अर्धवट, उशी घेऊन. दोन पायांवर खुर्चीतून हात न टेकता उठते. फिजिओला ते नुसत्या उजव्या पायावर हवं आहे. काल प्रयत्न केला तेव्हा अर्ध्यापर्यंत उठले आणि धपकन परत बसले. त्याने वहीत तारीख टाकून पुढे 'अर्धं' असं लिहिलंय.